वादळात घरट्यातून पडलेले शिकारी पक्ष्याचे पिल्लू: उचलण्यापासून परत घरट्यात ठेवेपर्यंत

रात्री वादळ होऊन जाते. सकाळी झाडाखाली पांढऱ्या लवेचा एक ओला गोळा दिसतो, वाकडी चोच आणि मोठाले डोळे असलेला. पुढचे बहुतेक वेळा ठरलेलेच असते. कोणीतरी पिल्लाला घरी नेते, दूध पाजते, पाव भरवते, अंगावरून हात फिरवत बसते, आणि तिसऱ्या दिवशी पिल्लाने मान टाकली की मग फोन करते. हेतू चांगलाच असतो, पण क्रम चुकतो. जे शेवटी करायचे ते आधी होते आणि जे सगळ्यात आधी करायचे ते राहून जाते.

म्हणून हा लेख क्रमाचा आहे. घार, शिक्रा, ससाणा, गरुड, घुबड यांच्यापैकी कोणाचेही पिल्लू असो, पायऱ्या साधारण याच राहतात. जिथे जातीनुसार फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा: पिल्लू वाढवणे हे आपले काम नाही. ते जिवंत, उबदार अवस्थेत त्याच्या आईबापांच्या नजरेसमोर परत ठेवणे एवढेच आपले काम आहे.

## १. वादळाआधी: घरटे ठाऊक असेल तर एवढे करून ठेवा

आसपास एखादे घरटे असल्याचे माहीत असेल तर पडझड होण्याआधीच चार गोष्टी टिपून ठेवा: झाड नेमके कोणते, घरटे कोणत्या बेचक्यात, पिल्ले किती, आणि ती केवढी. वादळानंतर घरटे जागेवर नसेल तर ही टिपणेच उपयोगी पडतात. पिल्ले तीन होती हे ठाऊक असेल तरच सापडलेल्या दोघांवर न थांबता तुम्ही तिसरे शोधाल.

पिल्लाचे वय दिवसांत सांगता येत नसेल तरी चालेल. अंगावर काय आहे ते पाहा.

- फक्त विरळ, आखूड लव, मान डगमगते: अगदी लहान. आईच्या अंगाखालची ऊब नसेल तर हे तग धरत नाही.
- दाट लोकरीसारखी लव, पंखांवर निळसर नळ्या फुटू लागलेल्या: मधले वय. कोरडे असेल तर अंगातली ऊब बऱ्यापैकी राखते, भिजले की नाही.
- अंगभर पिसे, डोक्यावर आणि पोटाशी लवेचे पुंजके, शेपूट आखूड: उडायला आलेले.

ही स्थित्यंतरे प्रत्येक जातीत वेगवेगळ्या वेगाने होतात. खरूची या छोट्या ससाण्याचे पिल्लू महिन्याभरात उडते, बहिरी ससाण्याचे साधारण सहा आठवड्यांत, बाल्ड ईगलसारख्या मोठ्या गरुडाला मात्र दहा-बारा आठवडे लागतात. त्यामुळे केवळ आकार पाहून वय ठरवू नका. गरुडाचे पिल्लू कोंबडीएवढे झाले तरी ते लवेतले बाळच असू शकते.

सामान एका पिशवीत भरून ठेवा: झाकणाचे पुठ्ठ्याचे खोके, जुने सुती कापड (दोरे न सुटणारे), जाड हातमोजे, मास्क, गरम पाण्याची रबरी पिशवी, विजेरी, वही-पेन. आणि वन खात्याचा किंवा जवळच्या वन्यजीव उपचार केंद्राचा क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवा. हा क्रमांक ऐनवेळी शोधण्यात हमखास अर्धा तास जातो.

सावधान: वादळ येणार म्हणून घरट्यावर ताडपत्री बांधणे, आजूबाजूच्या फांद्या छाटणे, घरट्याला आधाराची दोरी लावणे यातले काहीही करू नका. ताडपत्री वाऱ्यात फडफडली की आई घरटे सोडते. आणि छाटलेल्या फांद्याच पाऊस आणि वारा अडवत होत्या हे नंतर लक्षात येते.

## २. वादळ चालू असताना: लांब राहा

या टप्प्यात करायचे काहीच नसते, आणि नेमके तेच लोकांना जमत नाही.

मुसळधार पावसात आई, आणि शिकारी पक्ष्यांत बहुतांशी मादीच, पिल्लांवर पंख पसरून बसलेली असते. तिच्या पिसांवरून पाणी ओघळून जाते. पिल्लाच्या लवेचे तसे नाही. लव ऊब देते ती तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पाणी शिरले की हवा जाते, आणि तीच लव अंगावरच्या ओल्या फडक्यासारखी होते. त्यात वारा लागला की लहान पिल्लू थोड्याच वेळात गारठते. अशा वेळी तुम्ही छत्री आणि विजेरी घेऊन झाडाखाली गेलात, आई दचकून उडाली आणि दहा मिनिटे परतली नाही, तर त्या दहा मिनिटांत वादळापेक्षा जास्त नुकसान तुम्ही केलेले असते. ड्रोन तर अजिबात उडवू नका.

घरट्यावरच्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांसाठी वेगळे सांगतो. बर्फात किंवा गारांत आई मानेपर्यंत झाकली गेलेली दिसली की फोनांचा पाऊस पडतो, 'कोणीतरी जाऊन तिला वाचवा' म्हणून. तिच्या पाठीवरचा बर्फ वितळत नाही याचा अर्थ अंगातली ऊब बाहेर गळत नाही, पिसारा आपले काम करतो आहे. काळजीची चिन्हे दुसरी असतात: लवेतले पिल्लू उघड्यावर आहे आणि आई बराच वेळ दिसत नाही, किंवा घरटेच एका बाजूला कलंडले आहे. तसे दिसले तर वेळ टिपून ठेवा आणि जाणकारांना कळवा.

पाऊस दोन-तीन दिवस लांबला तर भुकेचाही प्रश्न येतो. भिजलेल्या पंखांनी शिकार साधत नाही. गव्हाणी घुबडाची पिसे आवाज न करण्यासाठी इतकी मऊ असतात की पाण्यापुढे ती फारशी टिकत नाहीत, त्यामुळे संततधार त्यांच्या पिल्लांना फार जड जाते. अनेक शिकारी पक्षी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसतात, म्हणून एकाच घरट्यात मोठे-लहान पिल्लू असते, आणि अन्न कमी पडले की धाकटे आधी जाते. हे पाहवत नाही हे खरे. तरीही घरट्यात वर जाऊन मांस ठेवू नका. आईबाप येण्याच्या वेळा तुम्ही बिघडवता, आणि कावळ्यांना घरट्याचा पत्ता देता.

## ३. वादळ ओसरल्यावर: आधी वर पाहा, मग खाली

झाडाकडे धावण्यापूर्वी थांबा. वर अर्धवट मोडून लटकलेली फांदी आहे का? जवळ विजेची तार तुटली आहे का? ओल्या जमिनीवर पडलेली तार मेलेली आहे असे कधीही धरून चालू नका. ढगांचा गडगडाट ऐकू येत असेल तर झाडाखाली जायचेच नाही.

मग लांबूनच पाच-दहा मिनिटे नीट पाहा:

१. घरटे जागेवर आहे, कलंडले आहे, की पूर्ण खाली आले आहे?
२. आईबापांपैकी कोणी दिसते का? आजूबाजूच्या उंच फांद्या, खांब, गच्चीचे कठडे बघा. आवाज ऐका.
३. वर आणखी पिल्ले आहेत का?
४. खाली कुत्रा, मांजर, कावळे आहेत का?

कुत्री-मांजरे असतील तर त्यांना हटवायला एकाला उभे करा. बघ्यांची गर्दीही तिथेच थोपवा.

तपासा: खाली एकापेक्षा जास्त मोठे पक्षी मरून पडलेले दिसले आणि अंगावर वादळाच्या जखमा नसतील, तर कशालाही हात लावू नका. बर्ड फ्लूची शक्यता धरून वन खात्याला कळवा.

## ४. उचलायचे की नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे घाई करू नका.

अंगभर पिसे असलेले, सावध, पायावर उभे राहणारे पिल्लू. हे पडलेले नसून बाहेर पडलेलेही असू शकते. उडण्याआधी काही दिवस पिल्ले फांद्यांवर येतात, चुकून जमिनीवर उतरतात, पुन्हा वर चढतात. आईबाप त्यांना तिथेच खाऊ घालतात. ते कोरडे असेल, डोळे टक्क उघडे असतील, जवळ गेल्यावर पंख पसरून फिस्कारत असेल, तर ते ठीक आहे. जमीन धोक्याची असेल तर जवळच्या जाड, आडव्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. उंच इमारतीच्या कठड्यावर वाढलेले ससाण्याचे पिल्लू मात्र पहिल्या उड्डाणात रस्त्यावर आले की जमिनीवरून सहसा पुन्हा उठू शकत नाही. त्याला गच्चीवर किंवा तशाच उंच, मोकळ्या जागी नेऊन ठेवावे लागते.

घुबडांत जातीचा फरक मोठा आहे. काही वनघुबडांची पिल्ले खाली आली तरी खोडावर चोच-नख्या रोवून वर चढतात, आणि आई त्यांना खालीही भरवते. गव्हाणी घुबडाचे न उडणारे पिल्लू जमिनीवर आले तर आईबाप सहसा त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. ते परत ढोलीत किंवा पेटीत ठेवावेच लागते.

लवेतले पिल्लू जमिनीवर. हे स्वतः बाहेर आलेले नाही. उचलायचे.

जखमी पिल्लू, वय कोणतेही असो. रक्त, एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबणे, एक पाय अंगाखाली न येणे, एक डोळा मिटलेला, मान वाकडी, तोंडातून रक्त यांपैकी काहीही दिसले तर परत ठेवण्याचा विचार सोडा आणि थेट उपचार केंद्राकडे न्या. मांजराने तोंडात धरले असेल तर जखम दिसली नाही तरीही न्या. मांजराच्या दातांनी पडलेली भोके पिसांखाली दिसत नाहीत, पण त्यांतून जाणारे जंतू दोन-तीन दिवसांत जीव घेतात. लवेत पांढऱ्या बारीक कणांचे झुबके दिसले तर ती माश्यांची अंडी असतात. तीही उपचाराचीच केस.

आणि हो, 'माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते' हे खरे नाही. या समजामुळे किती धडधाकट पिल्ले उगाच पिंजऱ्यात गेली असतील! पक्षी पिल्लाला वासावरून नाकारत नाहीत.

## ५. उचलणे: चोचीला भिऊ नका, पंजांना भ्या

हातमोजे आणि मास्क घाला. कापड हातात धरून पिल्लाच्या मागच्या बाजूने जा. समोरून गेलात तर ते पाठीवर पडून दोन्ही पाय पुढे करते, आणि मधल्या वयाच्या पिल्लाच्या नख्याही हातमोज्यातून आत जातात.

१. कापड अलगद डोक्यासकट अंगावर टाका. अंधार झाला की ते शांत होते.
२. दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटलेल्या स्थितीत धरून उचला. पाय कुठे आहेत यावर लक्ष असू द्या.
३. छाती दाबू नका. पक्ष्याची छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो.
४. पंखातल्या निळसर नळ्यांना धक्का लावू नका. वाढत्या पिसांत रक्त खेळते असते, नळी मोडली की भळाभळा वाहते.
५. नख्यांनी कशाला घट्ट धरले असेल तर ओढू नका. पाय सरळ केला की पकड आपोआप सैल होते.

खोक्याच्या तळाशी कापड, त्यावर दुसऱ्या कापडाची चुंबळ करून ठेवा आणि पिल्लू चुंबळीत पोटावर बसेल असे ठेवा, म्हणजे पाय अंगाखाली राहतात. नुसत्या गुळगुळीत तळावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात, आणि एक-दोन दिवस तसेच गेले तर ते कायमचे बिघडू शकतात. टर्किश टॉवेल वापरू नका. त्याच्या फाशांत नख्या अडकतात.

सावधान: बोलणे बंद. फोटो नाहीत, मांडीवर घेणे नाही. अगदी लहान पिल्लू ज्याला पाहते, ज्याच्याकडून खाते, त्यालाच आपले मानायला लागते. तसे झालेला शिकारी पक्षी पुन्हा रानात सोडता येत नाही.

## ६. ऊब: सगळ्यात आधी, आणि धीराने

शिकारी पक्ष्याच्या अंगाचे तापमान साधारण ४० ते ४१ अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसापेक्षा जास्त. म्हणून तपासणी सोपी आहे. हातमोजा काढून बोटाची मागची बाजू पिल्लाच्या पोटाला, पंखाखाली लावा. ते तुम्हाला स्पष्ट गरम लागायला हवे. नुसते कोमट लागले तरी ते गारठलेले आहे. गार लागले, पाय थंडगार असले, डोळे अर्धवट मिटलेले असले, तर परिस्थिती गंभीर आहे. हात लगेच साबणाने धुवा.

आता क्रम असा:

पाणी टिपा. सुती कापडाने दाबून टिपायचे, चोळायचे नाही. चोळल्याने लव तुटते आणि त्वचा सोलते. केस वाळवायचे यंत्र लावू नका. त्याचा आवाज आणि झोत दोन्ही घातक, आणि वरवर वाळले तरी आतले अंग थंडच राहते.

खालून, एका बाजूने शेक द्या. रबरी पिशवीत गरम, पण हाताला सोसेल असे पाणी भरा, कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवा. दुसरा अर्धा भाग गार राहिला पाहिजे, म्हणजे पिल्लाला सरकायला जागा मिळते. लवेतल्या पिल्लाजवळची हवा ३० ते ३२ अंशांच्या आसपास असावी. पिसे आलेल्याला एवढी ऊब लागत नाही, कोरडी आणि वाऱ्याची झुळूक नसलेली खोली बहुधा पुरते.

पिशवी गार होऊ देऊ नका. ही चूक फार पाहिली आहे. लोक पिशवी ठेवतात आणि विसरतात. तासाभराने त्या पिशवीतले पाणी पिल्लापेक्षा थंड झालेले असते, आणि मग पिशवीच पिल्लाची ऊब ओढून घेते. दर अर्ध्या तासाने हात लावून बघा.

झाकण लावा, भोके ठेवा. अंधार आणि शांतता हेही उपचारच आहेत. दर पाच मिनिटांनी 'जिवंत आहे ना' म्हणून झाकण उघडण्याचा मोह आवरा. प्रत्येक वेळी साठलेली ऊब निघून जाते.

तपासा: चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरले असतील, तर ऊब जास्त झाली. पिशवी काढा. अंग आक्रसून थरथरत असेल तर कमी पडते आहे. मान वर, डोळे उघडे, हालचालीकडे लक्ष आणि तुमच्याकडे पाहून फिस्कारणे ही चिन्हे दिसली की पुढच्या टप्प्याला हरकत नाही. साध्या गारठ्यातून बाहेर यायला एक-दोन तास लागतात. त्यानंतरही मान टाकलेलीच असेल तर घरट्याचा विचार सोडून केंद्र गाठा.

### उष्णतेची लाट असेल तर

वादळाऐवजी कडक उन्हाने पिल्ले खाली आली असतील तर वरचे सारे उलटे. २०२१च्या जूनअखेर कॅनडा आणि अमेरिकेच्या वायव्य भागात उष्णतेची भयंकर लाट आली. कॅनडातल्या लिटन गावी पारा ४९.६ अंशांवर गेला होता. त्या दिवसांत शिकारी पक्ष्यांच्या उडता न येणाऱ्या अनेक पिल्लांनी तापलेल्या घरट्यांतून खाली उड्या टाकल्या. अशा पिल्लाला शेक द्यायचा नाही. दाट सावली, वाहती हवा, हवेशीर खोके. अंगावर थंड पाणी ओतू नका आणि बर्फ लावू नका, त्या धक्क्यानेही पक्षी जातो. परत ठेवायचे ते ऊन उतरल्यावर, आणि सावलीच्या जागीच.

## ७. पाणी आणि अन्न: जवळजवळ नेहमी, नाही

गारठलेल्या पिल्लाला भरवू नका. अंग थंड असताना पचन थांबलेले असते, मांस गळ्याखालच्या पिशवीत किंवा पोटात तसेच पडून सडते. वाचू शकले असते ते पिल्लू त्या एका घासाने जाते.

पाणीही तोंडात ओतू नका. पक्ष्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. ड्रॉपरने घातलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. ही पिल्ले एरवी पाणी पीतच नाहीत म्हटले तरी चालेल, त्यांना लागणारे पाणी भक्ष्याच्या मांसातून मिळते.

दूध, पाव, भात, शिजवलेली अंडी, मीठ-मसाल्याचे मांस: काहीच नाही. नुसते चिरलेले मांसही कामाचे नाही. आईने आणलेल्या भक्ष्यात हाडे असतात, त्यातून कॅल्शियम मिळते. नुसत्या मांसावर ठेवलेल्या पिल्लाची हाडे काही दिवसांतच मऊ पडू लागतात. केंद्रातल्या डॉक्टरांनी फोनवर नेमके काय, किती आणि कधी हे सांगितले तरच द्या, आणि तेवढेच.

## ८. परत घरट्यात

पिल्लू गरम, कोरडे, सावध आणि जखमेविना आहे. आईबाप आसपास दिसले आहेत. आता वेळ घालवू नका, पहिले २४ तास मोलाचे.

आधी परवानगी. बहुतेक देशांत शिकारी पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण आहे. फोन करा आणि काय करत आहात ते सांगा. झाडावर चढायचे ते सराव असलेल्या माणसानेच, दोर आणि हेल्मेटसह. घार किंवा शिक्रा घरट्याशी आलेल्याच्या डोक्यावर झडप घालतो, आणि दचकून माणूस पडतो. तारा जवळ असतील तर अग्निशमन दलाशिवाय चढू नका.

मूळ घरटे शाबूत असेल तर प्रश्नच नाही. पिल्लू आत ठेवा, दहा मिनिटांत खाली या. दुसरी पिल्ले उडायला आली असतील तर मात्र वर जाऊ नका. घाबरून ती बाहेर उड्या टाकतात आणि एकाच्या जागी तीन खाली येतात. अशा वेळी खालच्या फांदीवर टोपली बांधा.

घरटे गेले असेल तर टोपली:

१. वेताची करंडी किंवा तळाला भोके असलेला प्लास्टिकचा क्रेट घ्या. शिक्र्याएवढ्या पक्ष्याला ३५-४० सेंटीमीटर रुंद, घारीएवढ्याला ६० सेंटीमीटरच्या आसपास. मोठ्या गरुडांचे काम तज्ज्ञांकडे सोडा, त्यांना फळ्यांचा मंच लागतो.
२. पाणी निथळते का ते तांब्याभर पाणी ओतून पाहा. ही तपासणी टाळून बांधलेल्या टोपलीत पुढच्या पावसात पिल्लू पाण्यात बसलेले सापडते.
३. तळाला जाड काटक्या, वर बारीक, मध्ये खोलगट जागा. पडलेल्या घरट्याच्याच काटक्या मिळाल्या तर त्या वापरा. गवत किंवा पेंढा नको. तो दमट झाला की बुरशी धरते, आणि ती बुरशी शिकारी पक्ष्यांच्या फुप्फुसांत फार लवकर बसते. कापड, कापूस, सुतळीचे तुकडेही नकोत, पायांत गुंततात.
४. जागा: तेच झाड. ते पडले असेल तर शेजारचे, आईबाप जिथे घिरट्या घालतात तिथले. खोडाजवळचा भक्कम बेचका, वर पानांचे छत, दुपारचे ऊन आणि नेहमीच्या वाऱ्याची बाजू टाळून. मूळ उंची मिळाली तर उत्तम, नाही तर तीन-चार मीटरही चालतात. मोठ्या पक्ष्याला पंख पसरून उतरायला एका बाजूने मोकळी वाट हवी.
५. निदान तीन ठिकाणी बांधा. तार रबरी नळीतून ओवून घ्या म्हणजे साल कापली जात नाही. सुटी टोके लोंबती ठेवू नका. बांधल्यावर दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहा.
६. भावंडे सगळी एकत्रच ठेवा. एकाच्या ओरडण्याने आई येते आणि सगळ्यांना भरवते. दोन झाडांवर दोन पिल्ले ठेवली तर एक उपाशी राहते.

वेळ: घार, शिक्रा, ससाणा यांना सकाळी परत ठेवा, म्हणजे आईबापांना आख्खा दिवस मिळतो. घुबडांना तिन्हीसांजेच्या तासभर आधी. पुढच्या काही तासांत पुन्हा वादळाचा इशारा असेल तर केंद्राला विचारून ते ओसरेपर्यंत खोक्यात, ऊब राखून ठेवा.

## ९. पाळत

टोपली बांधून घरी जाणे म्हणजे अर्धे काम. निदान ५०-१०० मीटरवरून, शक्यतो खिडकीतून किंवा गाडीत बसून, एकाच माणसाने पाहावे.

आई फांदीवर येऊन बसली म्हणजे काम झाले असे नाही. ती पंजात भक्ष्य घेऊन टोपलीत उतरली, तर झाले. ते दिसले नाही तरी खुणा असतात: पिल्लाचा सततचा हाकारा अचानक थांबणे, गळ्याखाली फुगीर पिशवी (घुबडांना ती नसते), टोपलीच्या कडेवरून बाहेर ताज्या पांढऱ्या विष्ठेचे फर्राटे. दोन-तीन तास काही झाले नाही तर घाबरू नका, वादळानंतर आईबापही भिजलेले आणि भुकेले असतात.

- दिवसा शिकार करणाऱ्यांत अंधार पडेपर्यंत, आणि घुबडांत पहाटेपर्यंत एकदाही अन्न आले नाही तर पिल्लू काढून केंद्राकडे न्या.
- लवेतले पिल्लू आणि थंड रात्र, आणि मादी टोपलीत बसलेली नाही: सकाळची वाट पाहू नका.
- आईबापांपैकी एकच उरले असेल तर वय महत्त्वाचे. मोठ्या पिल्लाला एकटा पालकही वाढवू शकतो. अगदी लहान पिल्लू आणि मादी गेलेली असेल तर अवघड आहे. नर भक्ष्य आणून टाकतो, पण ते फाडून भरवणे आणि उबवणे हे मुख्यतः मादीचे काम.

## १०. केंद्राकडे न्यायचे असेल तर

खोके बंद, गाडीत गाणी बंद, गाडीतली हवा पिल्लाच्या मानाने ठेवा, माणसांच्या नव्हे. तारांचा पिंजरा वापरू नका, सळ्यांत पिसे तुटतात. एका कागदावर लिहून द्या: नेमके कुठल्या झाडाखाली, किती वाजता, ओले की कोरडे, घरटे दिसले का, भावंडे कुठे आहेत, आणि तुम्ही काय काय दिले. दूध पाजले असेल तर तेही लिहा, लाजू नका. तेवढ्या माहितीवर उपचार बदलतात.

जागा नेमकी लिहिण्याला आणखी एक कारण आहे. पिल्लू बरे झाल्यावर केंद्रातली माणसे ते शक्य असल्यास त्याच घरट्यात ठेवतात. ते जमले नाही तर त्याच जातीच्या, साधारण त्याच वयाची पिल्ले असलेल्या दुसऱ्या घरट्यात सोडतात, तिथले आईबाप त्याला भरवतात. झाडाचा ठिकाणा चुकला तर पहिला पर्याय बंद होतो.

पिल्ले उडून गेल्यावर, पाच-सहा आठवडे तिकडे कोणी फिरकले नाही याची खात्री करून, टोपली आणि तारा उतरवून घ्या. तार तशीच राहिली तर वाढत्या फांदीत रुतते, आणि पुढच्या वादळात फांदी नेमकी तिथेच मोडते.